मराठीतून जपानी : व्याकरणाची पहिली ओळख

दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशोदेशीचे उपासक येतात. त्यांत जपानचे पाहुणेही असतात. आपल्या इतवारीतील कार्यकर्ते पाणी देण्यासाठी, वाट दाखविण्यासाठी उभे असतात. पाहुणा काही विचारतो, आम्ही हात जोडतो, तो कमरेतून वाकतो आणि बोलणे तेथेच संपते. दोन्ही बाजूंना आदर असतो, भाषा मात्र नसते. ही उणीव आम्हाला अनेक वर्षे बोचत आली आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे आणि सभासद बंधु-भगिनींपुढे जपानी व्याकरणाची प्राथमिक ओळख ठेवीत आहोत.

जपानीचे नाव काढले की आमच्या वस्तीतील मुले म्हणतात, "इंग्रजीच धड येत नाही, तर जपानी कुठून येणार?" या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे. बाजारात मिळणारी जपानी शिकण्याची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून लिहिलेली असतात. मराठी माध्यमाचा मुलगा ती उघडतो, इंग्रजीतील स्पष्टीकरणात अडकतो आणि जपानी अवघड आहे असे ठरवून पुस्तक मिटतो. वस्तुतः तो जपानीत नापास झालेला नसतो, इंग्रजीत झालेला असतो. आमचे म्हणणे असे की जपानी व्याकरणापर्यंत जायला इंग्रजीचा पूल लागत नाही. मराठीच्या अंगणातून तेथे सरळ पायवाट जाते. ती कशी, हे आता पाहू.

नागपूर आणि जपान

हा संबंध नवा नाही. इ. स. ७५२ मध्ये जपानच्या नारा या नगरीतील तोदाइजी विहारात भव्य बुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी झाला. तो करणारे भिक्षू बोधिसेन हे भारतीय होते. आपल्या विदर्भापुरते बोलायचे तर १९३३ साली जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटले. १९६० च्या दशकात भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई नागपुरात आले आणि इंदोऱ्याचे झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९ मध्ये जपानमधील श्रीमती नोरिको ओगावा यांच्या दानातून उभे राहिले. पुढे २०१५ साली जपानच्या कोयासान विद्यापीठात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

भदन्त ससाई येथे आले तेव्हा ते हिंदी शिकले आणि आमच्याच बोलीत आमच्याशी बोलले. त्यांच्या मातृभाषेतील दोन वाक्ये तरी आपण शिकलो काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

वर्णमाला : ओळखीची ओळ

जपानीत तीन प्रकारची लिपी एकत्र वापरतात. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरलिप्या आहेत व प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली शब्दचिन्हे. नित्य वापराच्या कांजींची जी अधिकृत यादी २०१० मध्ये ठरली तिच्यात २१३६ चिन्हे आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नये. जपानी मुलेही ती शाळेच्या नऊ वर्षांत शिकतात. आपण सुरुवात हिरागानापासून करावी.

तिचा क्रम पाहा. स्वर : आ, इ, उ, ए, ओ. त्यानंतर ओळी येतात त्या अशा : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली बाराखडी आठवा : क, च, त, न, प, म, य, र, व. जेथे आपला 'च' तेथे त्यांचा 'सा' आणि जेथे आपला 'प' तेथे त्यांचा 'हा' आहे. (जुन्या जपानीत या 'हा'चा उच्चार 'पा'सारखा होता, असे भाषाभ्यासक सांगतात.) बाकी क्रम तोच. हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनी सूत्रे व मंत्र वाचण्यासाठी सिद्धम् लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला. त्या अभ्यासातून हा क्रम जपानी अक्षरांना लागला, असे अभ्यासक मानतात. याचा अर्थ असा की जपानी कोश उघडणारे मूल नकळत आपल्याच वर्णमालेच्या वाटेने चालत असते.

उच्चार

जपानी स्वर ऱ्हस्व असो वा दीर्घ, तोंडाची ठेवण एकच राहते. फरक फक्त वेळेचा. म्हणून या लेखात दीर्घ स्वरापुढे 'ऽ' हे चिन्ह दिले आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नये. 'ओबासान्' म्हणजे काकू किंवा आत्या, आणि 'ओबाऽसान्' म्हणजे आजी. चुकलात तर काकूंना आजी म्हणून बसाल! जोडाक्षराचेही तसेच. 'किते' म्हणजे 'येऊन' आणि 'कित्ते' म्हणजे पोस्टाचे तिकीट. आपल्याकडे 'पता' आणि 'पत्ता' यांतील फरक कानाला कळतो, तसाच हाही कळेल.

मराठी माणसाचा एक मोठा फायदा येथे सांगितला पाहिजे. जपानी 'त्सु' उच्चारताना पुष्कळ परदेशी विद्यार्थी अडखळतात. आपण 'चूक' आणि 'चमचा' या शब्दांतील 'च' रोज याच जागेवरून उच्चारतो. 'चहा'चा च वेगळा आणि 'चमचा'चा च वेगळा, हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

जपानीत 'न्' सोडून कोणत्याही व्यंजनावर शब्द संपत नाही, त्यामुळे परकीय नावांना स्वर जोडावा लागतो. आपले नागपूर जपानीत 'नाऽगुपुरु' होते. आणि 'ल' व 'र' यांत ते भेद करीत नाहीत, दोन्हींना एकच अक्षर. एक सूचना : शब्दाच्या शेवटी येणारा 'सु' बोलताना बहुधा 'स्' असाच ऐकू येतो, म्हणून आम्ही 'देसु'ऐवजी 'देस्' असे लिहिले आहे.

वाक्याची बांधणी

आता मुख्य विषय. पुढील वाक्य पाहा :

वाताशि वा नाऽगुपुरु नो गाकुसेइ देस्.
मी (तर) नागपूर-चा विद्यार्थी आहे.

शब्दाखाली शब्द ठेवून पाहा, एकही जागा बदलावी लागली नाही. दुसरे वाक्य :

आसा, तोशोकान् दे होन् ओ योमिमास्.
सकाळी ग्रंथालया-त पुस्तक वाचतो.

इंग्रजीत हेच सांगताना 'वाचतो' आधी, 'पुस्तक' नंतर आणि 'ग्रंथालयात' त्याहून नंतर येते. जपानीत मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी. 'मी' सांगण्याची गरज नसेल तर तो गाळताही येतो, जसा आपण गाळतो. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात उलटे करावे लागते. तो कष्ट आपल्या वाट्याला नाही.

मराठी आणि जपानी या सख्ख्या किंवा चुलत भाषा नाहीत, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांची कुळे वेगळी आहेत. केवळ बांधणीत साम्य आहे. दोन अनोळखी गवंड्यांनी एकाच नकाशाची घरे बांधावीत तसे.

विभक्तीचे काम करणारे शब्द

मराठीत नामाला प्रत्यय लागतात आणि नाम बदलते : घर, घरात, घराला. जपानीत नाम मुळीच बदलत नाही. त्याच्यामागे एक छोटा शब्द येतो, एवढेच. सामान्यरूप नाही, म्हणून चूकही नाही. पुढील शब्द पाठ करावेत :

नो = चा, ची, चे. 'तोमोदाचि नो होन्' = मित्राचे पुस्तक.
ओ = कर्म दाखवितो. 'होन् ओ' = पुस्तक, पुस्तकाला.
नि = ला, त (वेळ, ठिकाण, ज्याला द्यायचे तो).
दे = ने, त (साधन, किंवा जेथे काम घडते ती जागा).
ए = कडे.
तो = सह, बरोबर; तसेच 'आणि'.
कारा = पासून, हून.
मादे = पर्यंत.
मो = ही, सुद्धा.

सराव म्हणून : 'इतवारी कारा कामठी मादे देन्शा दे इकिमास्' = इतवारीहून कामठीपर्यंत आगगाडीने जातो. प्रत्येक छोटा शब्द नामाच्या मागे, आपल्या प्रत्ययासारखाच.

यांत 'वा' आणि 'गा' हे दोन शब्द नवशिक्याला त्रास देतात. 'वा' म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचे तो विषय पुढे ठेवणे. आपण 'मी तर', 'नागपूरचं म्हणाल तर' असे म्हणतो तसे. 'गा' हा कर्ता नेमका दाखवितो. 'कोण आले?' याच्या उत्तरात 'गा' येतो, कारण तेथे कोण हेच महत्त्वाचे. लिहिताना 'वा'साठी 'हा' हे अक्षर आणि 'ए'साठी 'हे' हे अक्षर वापरतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न विचारणे

येथे तर मराठी विद्यार्थ्याने हसावे. होकारार्थी वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न झाला :

गाकुसेइ देस् का? = विद्यार्थी आहात का?

आपला 'का' तोच त्यांचा 'का', आणि जागाही तीच. (हा मात्र निव्वळ योगायोग आहे.) त्याचप्रमाणे 'ने' म्हणजे आपला 'ना'. मे महिन्यात कोणा जपानी पाहुण्याला म्हणा : 'नाऽगुपुरु वा आत्सुइ देस् ने' = नागपूर गरम आहे ना! तो घाम पुसत मान डोलावील.

दर्शक सर्वनामेही ओळीने येतात. आपल्याकडे इथे, तिथे, कुठे. त्यांच्याकडे 'कोको' म्हणजे माझ्याजवळ, 'सोको' म्हणजे तुमच्याजवळ, 'आसोको' म्हणजे दोघांपासून दूर पलीकडे, आणि 'दोको' म्हणजे कुठे. हीच मालिका वस्तूंसाठी : कोरे, सोरे, आरे, दोरे. पाहुण्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्याला 'एकि वा दोको देस् का' (स्टेशन कुठे आहे?) एवढे कळले तरी अर्धे काम होते.

मला आवडते, मला समजते

इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठीत आपण 'मला आंबा आवडतो' म्हणतो; आवडण्याचे क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. जपानीतही जे आवडते त्याला कर्त्याचा 'गा' लागतो : 'वाताशि वा मांगोऽ गा सुकि देस्'. 'मला जपानी समजते' = 'वाताशि वा निहोंगो गा वाकारिमास्'. इंग्रजी वळणाचे विद्यार्थी येथे हमखास 'ओ' लावतात आणि चुकतात. तुम्ही मराठीत विचार करा, चुकणार नाही.

क्रियापद

मराठीत जातो, जाते, जातोस, जातात, जातेस अशी किती रूपे! जपानीत लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. मी, तू, ती, ते, सर्वांना एकच रूप. सभ्य बोलीतील चार रूपे शिकली की पहिला टप्पा पार पडतो :

इकिमास् = जातो, जाईन
इकिमासेन् = जात नाही, जाणार नाही
इकिमाशिता = गेलो
इकिमासेन् देशिता = गेलो नाही

वर्तमान आणि भविष्य यांचे रूप एकच असते. 'आशिता' (उद्या) हा शब्द आला की भविष्यकाळ समजावा.

विशेषणे मात्र क्रियापदासारखी चालतात, हे आपल्याला नवे आहे. 'आत्सुइ देस्' = गरम आहे; 'आत्सुकात्ता देस्' = गरम होते. 'होते' हे आपण क्रियापदात सांगतो, ते विशेषणातच सांगून मोकळे होतात.

ऊन-रूप : मराठी विद्यार्थ्याचा खजिना

जपानी व्याकरणातील जे प्रकरण अवघड म्हणून प्रसिद्ध आहे ते 'ते' रूपाचे. 'ताबेते' म्हणजे 'खाऊन', 'योन्दे' म्हणजे 'वाचून', 'मोत्ते' म्हणजे 'घेऊन'. रूप कसे बनते याचे नियम पाठ करावे लागतात, त्याला इलाज नाही. पण ते वापरायचे कसे, हे आपण आईच्या तोंडून शिकलेलो आहोत :

ताबेते मिमास् = खाऊन पाहतो
ताबेते शिमाइमाशिता = खाऊन टाकले
मोत्ते किमास् = घेऊन येतो
मोत्ते इकिमास् = घेऊन जातो
काइते आगेमास् = लिहून देतो

'मिमास्' म्हणजे पाहणे, आणि 'खाऊन पाहणे' म्हणजे चाखणे, हे दोन्ही भाषांत सारखेच. इंग्रजीत यासाठी वेगळी रचना करावी लागते. 'काइते आगेमास्' मात्र वडीलधाऱ्यांना उद्देशून म्हणू नये, त्यात उपकाराचा सूर येतो. विनंती करायची असेल तर 'कुदासाइ' : 'योन्दे कुदासाइ' = कृपया वाचा; शब्दशः 'वाचून द्या'.

विशेषणवाक्यही तसेच. 'किनोऽ किता हितो' = काल आलेला माणूस. 'वाताशि गा योन्दा होन्' = मी वाचलेले पुस्तक. जे सांगायचे ते नामाच्या आधी, मध्ये कोणताही जोडशब्द नाही.

जेथे अडखळाल

सगळेच सोपे आहे असे सांगणे ही फसवणूक होईल. तीन ठिकाणी खरी मेहनत आहे.

पहिले, मोजणे. माणसांना 'हितोरि, फुतारि, सान्निन्' असे मोजतात. आपणही एकटा, दोघे, तिघे, पाच जण असे म्हणतोच. पण जपानीत कागदासारख्या पातळ वस्तूंना 'माइ', पुस्तकांना 'सात्सु', काठीसारख्या लांब वस्तूंना 'होन्' लागतो, आणि तोही इप्पोन्, निहोन्, साम्बोन् असा बदलतो.

दुसरे, असणे. सजीवाला 'इमास्', निर्जीवाला 'आरिमास्'. 'विहारात भन्ते आहेत' आणि 'विहारात पुस्तक आहे' यांत आपण एकच 'आहे' वापरतो, त्यांना दोन लागतात.

तिसरे, आदर. तू, तुम्ही, आपण हे भेद आपण जाणतो, पण जपानीत क्रियापदच बदलते. 'जाणे' साधे 'इकिमास्', आदरार्थी 'इराश्शाइमास्'. समोरच्याला 'आनाता' (तुम्ही) म्हणण्यापेक्षा नावापुढे 'सान्' लावून बोलणे सभ्य मानतात. स्वतःच्या नावाला 'सान्' कधी लावू नये. स्वतःच्या वडिलांविषयी बाहेरच्यांशी बोलताना 'चिचि' आणि दुसऱ्याच्या वडिलांना 'ओतोऽसान्'. आईसाठी 'हाहा' आणि 'ओकाऽसान्'.

आपल्या घरचे शब्द

जपानी शब्दसंग्रहात चीनमार्गे गेलेले आपल्या भूमीचे शब्द सापडतात. झेन् म्हणजे ध्यान (पाली झान), बोसात्सु म्हणजे बोधिसत्त्व, हान्न्या म्हणजे प्रज्ञा, नेहान् म्हणजे निर्वाण, बिकु म्हणजे भिक्षू, सोतोबा म्हणजे स्तूप, सेत्सुना म्हणजे क्षण. 'दान्ना' हा शब्द 'दान' यावरून निघाला. मूळ अर्थ दाता, पुढे धनी आणि आता पती! 'नामु' म्हणजे आपला 'नमो'.

वारांची नावे तर इतवारीच्या माणसाने एका दमात पाठ करावीत. 'इतवार' हा शब्द 'आदित्यवार' यावरून आला, म्हणजे सूर्याचा वार. जपानीत रविवार 'निचियोऽबि', त्यातील 'निचि' म्हणजे सूर्यच. सोमवारी क्वार्टर आठवा : 'गेत्सुयोऽबि', गेत्सु म्हणजे चंद्र. मंगळवारी बाजार : 'कायोऽबि', का म्हणजे अग्नी, मंगळाचे तत्त्व. बुधवारी : 'सुइयोऽबि', सुइ म्हणजे जल. गुरुवार 'मोकुयोऽबि', मोकु म्हणजे वृक्ष, लाकूड. शुक्रवारी तलाव : 'किन्योऽबि', किन् म्हणजे धातू, सोने. शनिवार 'दोयोऽबि', दो म्हणजे माती. क्रम आणि ग्रह तेच. हे सात ग्रहवार सांगणारा ग्रंथ भिक्षू कूकाइ यांनी इ. स. ८०६ मध्ये चीनहून परतताना जपानात नेला. नागपूरचे बाजार फिरता फिरता आठवडा पाठ होतो.

पुढे काय करावे

देवनागरीतील हे उच्चार म्हणजे पांगुळगाडा आहे. चालता आले की तो सोडून द्यावा. रोज पाच अक्षरे लिहिली तर दहा दिवसांत हिरागाना येते. त्यानंतर काताकाना, मग रोज दोन कांजी. एकट्याने शिकण्यापेक्षा दोघा-तिघांनी विहारात संध्याकाळी एक तास बसून मोठ्याने वाचावे.

जपानी भाषा प्राविण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण. या लेखातील बहुतेक व्याकरण पहिल्या दोन पातळ्यांचे आहे. आपल्या राज्यात पुणे आणि मुंबई येथे ही परीक्षा होते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग जपानी शिकवीत आला आहे. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी करार झाला. रुग्णसेवा, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांत जाण्यासाठी कौशल्याच्या परीक्षेबरोबर एन-४ किंवा तत्सम भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. येथे पालकांना एक कळकळीची सूचना. भाषा न शिकविता 'जपानात नोकरी लावून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. ज्याला स्वतःचा करारनामा वाचता येतो त्याला फसविणे कठीण जाते. भाषा शिकण्याचे हेही एक कारण आहे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे.

परमपूज्य बाबासाहेबांनी वयाच्या उत्तरकाळात, प्रकृती साथ देत नसताना, पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. व्याकरण हा पंडितांचा मक्ता नाही, तो ज्ञानाच्या दाराचा अडसर काढण्याचा मार्ग आहे, हे त्या खंडावरून आपण शिकावे.

पुढच्या अशोक विजयादशमीला जपानी पाहुणा दीक्षाभूमीवर वाट विचारील. तेव्हा आपल्या इतवारीच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने पुढे होऊन 'दोको ए इकिमास् का?' (कुठे जाता?) एवढे जरी विचारले, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

जयभीम!